मपेट्समधली नवी पात्रं आणि जुनी मंडळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मपेट्स म्हणजे जिम हेन्सनने घडवलेली अमेरिकी बाहुल्यांची मंडळी. त्यांचा नवा कार्यक्रम किंवा चित्रपट आला की तेच प्रश्न पुन्हा येतात: हा नवा कोण, जुन्यांना बाजूला का सारलं, बेडूक कर्मिटचा आवाज असा का झाला. सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे नवख्यांसाठी आहेत, पुढचे ज्यांनी सगळं पाहिलंय आणि तरीही ज्यांचं समाधान झालेलं नाही त्यांच्यासाठी. एखादं उत्तर अपुरं वाटलं तर त्यात दिलेला दुसरा प्रश्नही वाचा.

१. बाहुल्याच तर आहेत. नव्या आणल्या तर एवढं काय बिघडतं?

मपेट कसा चालतो ते कळलं की वादाचं मूळ कळतं. कलाकार हात डोक्याच्या वर उचलून बाहुल्याच्या डोक्यात घालतो. अंगठा खाली, चार बोटं वर, आणि तोंड त्याच हाताने उघडतं-मिटतं. बाहुल्याचे हात बारीक काड्यांनी दुसऱ्या हाताने हलवायचे. हे सगळं समोरच्या मॉनिटरवर बघत करायचं आणि त्याच वेळी स्वतःच्या तोंडाने संवाद बोलायचे. आवाज मागाहून चढवलेला नसतो. मान कधी कलते, बोलण्याआधी किती थांबायचं, राग आल्यावर तोंड कसं आक्रसतं, हे सगळं त्या एका माणसाचं असतं.

जिम हेन्सनने १९५५ मध्ये आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून आणि पिंगपाँगच्या चेंडूतून कर्मिट केला. तेव्हापासून १९९० पर्यंत कर्मिट म्हणजे हेन्सनचा हात आणि हेन्सनचा गळा. त्यामुळे 'बाहुलाच तर आहे' हे कापडापुरतं खरं आहे, पात्राच्या बाबतीत नाही.

२. 'जुनी मंडळी' म्हणजे नक्की कोण?

साधारणपणे 'द मपेट शो'मधली. हा कार्यक्रम १९७६ ते १९८१ या काळात इंग्लंडमध्ये एल्स्ट्रीच्या स्टुडिओत तयार झाला. अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांनी रस दाखवला नाही, तेव्हा ब्रिटिश निर्माते ल्यू ग्रेड यांनी पैसे घातले. पाच पर्वं, १२० भाग. कर्मिट, मिस पिगी, अस्वल फॉझी, गोंझो, पियानो वाजवणारा कुत्रा रॉल्फ, स्कूटर, अ‍ॅनिमल आणि त्याचा बँड, स्वीडिश शेफ, शास्त्रज्ञ बन्सन आणि त्याचा मदतनीस बीकर, सज्जात बसून कुरकुरणारे स्टॅटलर आणि वॉल्डॉर्फ. 'सेसमी स्ट्रीट' या लहान मुलांच्या कार्यक्रमातली पात्रंही हेन्सनच्याच कार्यशाळेत घडली, पण त्यांचा इतिहास आणि मालकी वेगळी आहे. त्यांच्याबद्दल प्रश्न १० आणि ११ पाहा.

३. जुनी मंडळी तरी पहिल्या दिवसापासून होती का?

नव्हती. या वादात हे फार लवकर विसरलं जातं.

१९७४ च्या चाचणी कार्यक्रमात मध्यवर्ती पात्र वॉली नावाचं होतं. १९७५ च्या दुसऱ्या चाचणीत सूत्रधार होता नायजेल, आणि कर्मिटला अगदी लहानसं काम होतं. नायजेल फिका पडला म्हणून कर्मिट पुढे आला, म्हणजे कर्मिट सूत्रधार झाला तोच दुसऱ्याच्या जागी. पहिल्या पर्वात वेशभूषा सांभाळणारी हिल्डा होती. तिची कलाकार एरेन ओझ्कर पर्व संपल्यावर गेली आणि हिल्डाही गेली. मिस पिगी सुरुवातीला घोळक्यातली एक डुकरीण होती. तिला कधी फ्रँक ऑझ चालवत, कधी रिचर्ड हंट. ऑझच्या हाती ती कायमची आली तेव्हा आज आपण ओळखतो ती पिगी झाली. गोंझो पहिल्या पर्वात खिन्न, पडेल डोळ्यांचा होता. दुसऱ्या पर्वात त्याच्या पापण्या हलू लागल्या आणि स्वभावच पालटला. उंदीर रिझो तर चौथ्या पर्वात आला.

'नवं पात्र म्हणजे परंपरेशी द्रोह' असं म्हणणाऱ्यांशी म्हणूनच मी सहमत नाही. नवे लोक घेणं ही मपेट्सची पहिल्यापासूनची रीत आहे. आक्षेप घ्यायचा तर तो जागा कशी दिली जाते यावर घ्यावा.

४. पात्र बदलणं आणि कलाकार बदलणं, या दोन गोष्टी वेगळ्या कशा?

कलाकार बदलतो तेव्हा पात्र तेच राहतं, हात आणि आवाज नवा येतो. पात्र बदलतं तेव्हा जुन्याला कपाटात ठेवून त्याचं काम दुसऱ्या बाहुल्याला दिलं जातं. चाहते दोन्हींवर एकाच दमात चिडतात, पण ही दुखणी वेगळी आहेत.

१६ मे १९९० रोजी हेन्सन अचानक गेले. जानेवारी १९९२ मध्ये रिचर्ड हंट गेले. पुढे फ्रँक ऑझ दिग्दर्शनात रमले आणि बाहुल्यांपासून दूर झाले. दहाबारा वर्षांत मुख्य पात्रांपैकी निम्म्याहून अधिक पोरकी झाली. कर्मिट स्टीव्ह व्हिटमायरकडे आला. पिगी, फॉझी, अ‍ॅनिमल आणि सॅम ईगल २००० नंतर एरिक जेकबसनकडे गेले. प्रत्येक पात्राच्या बाबतीत निर्णय करायचा होता: नवा हात द्यायचा, की गप्प ठेवून नवं पात्र उभं करायचं? जवळजवळ सगळे वाद इथून फुटतात.

५. रॉल्फ आणि स्कूटर इतकी वर्षं कुठे होते?

रॉल्फ १९६२ मध्ये कुत्र्यांच्या खाद्याच्या जाहिरातींसाठी तयार झाला. १९६३ पासून जिमी डीनच्या कार्यक्रमात येऊन तो अमेरिकाभर ओळखीचा झाला, कर्मिटच्याही आधी. तो स्वभावाने हेन्सनच्या फार जवळचा मानला जात असे, म्हणून हेन्सननंतर त्याला बराच काळ जवळजवळ मूकच ठेवलं. नंतर बिल बरेटांनी तो हळूहळू बोलता केला. स्कूटर हंटबरोबर मागे पडला आणि २००८ पासून डेव्हिड रडमनकडे स्थिरावला.

दुःखाच्या काळात पात्राला गप्प ठेवणं मला समजतं, त्यात आदर होता. पण ते मौन लांबलं, आणि त्या काळात मोठी झालेली मुलं रॉल्फला ओळखतच नव्हती. पात्र पडद्यावर नसेल तर पुढच्या पिढीपुरतं ते संपतंच. वेळेवर नवा हात देणं हाच जुन्या पात्राचा खरा सांभाळ, असं माझं ठाम मत आहे.

६. १९९६ च्या 'मपेट्स टुनाइट'मध्ये कर्मिट असताना क्लिफर्डला सूत्रधार का केलं?

क्लिफर्ड १९९६ चा नव्हे. तो १९८९ च्या 'जिम हेन्सन अवर'मध्ये आला होता, म्हणजे हेन्सन हयात असताना. त्या कार्यक्रमात डिजिट, लिओन, लिंडबर्ग अशी नवी टोळीच होती आणि जुन्यांपैकी कर्मिट सोडला तर बाकीचे क्वचित दिसत. प्रेक्षकांनी ती टोळी स्वीकारली नाही आणि कार्यक्रम लवकर बंद पडला. नव्यांच्या हाती घर देण्याचा प्रयोग खुद्द हेन्सननेही करून पाहिला होता आणि तो त्यालाही साधला नव्हता, हे लक्षात ठेवावं.

१९९६ मध्ये जटा असलेला क्लिफर्ड, केव्हिन क्लॅशच्या हाती, सूत्रधार झाला आणि कर्मिट पडद्यामागे निर्माता म्हणून बसला. क्लिफर्ड झकास पात्र आहे. पण कर्मिटचा जीव टांगणीला लागलेला असायचा, रंगमंच कोसळेल की काय या काळजीने तो कासावीस व्हायचा, आणि त्या धडपडीवर सगळा खेळ उभा होता. क्लिफर्ड मुळात निवांत गडी. निवांत माणसाभोवती गोंधळ घातला तर ताण तयार होत नाही. दुसऱ्या पर्वात कार्यक्रम डिस्ने चॅनेलवर गेला आणि २२ भागांनंतर १९९८ मध्ये थांबला.

७. त्याच कार्यक्रमातला पेपे टिकला, मग बाकीचे का नाही टिकले?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न आहे, कारण सगळ्या वादाचं उत्तर पेपेमध्ये सापडतं.

पेपे आला तेव्हा सेमूर नावाच्या हत्तीचा जोडीदार होता. काम काय, तर लिफ्ट चालवणं आणि कँटीन बघणं. कोणीही तो 'नवा स्टार' आहे अशी दवंडी पिटली नाही. कोणाचीही खुर्ची त्याने मागितली नाही. पण बिल बरेटांनी त्याला एक जीव दिला: चार हातांचा, चिमुकला, प्रचंड आत्मविश्वासाचा, स्पॅनिश ढंगात बोलणारा, वाक्याच्या शेवटी 'ओके' जोडणारा, आणि कोणी कोळंबी म्हटलं की 'मी किंग प्रॉन आहे' म्हणून खवळणारा. त्याला पैसा हवा, प्रसिद्धी हवी, बायकांचं लक्ष हवं. काहीतरी हवं असलेलं पात्र कुठल्याही प्रसंगात टाका, प्रसंग चालू लागतो. सेमूरला तसं काही नको होतं, तो विरून गेला. पिगीचे भाचे अ‍ॅंडी आणि रँडी मूर्ख होते, एवढंच. जुन्या थाटाचा गायक जॉनी फियामा आणि त्याचा माकड साथीदार सॅल यांना मी अजूनही मिस करतो, पण लास व्हेगासचे गायक ठाऊक नसतील तर ती गंमत पोचत नाही. बोबो अस्वल मात्र टिकला. तोही बरेटांचाच.

पेपेवर एक आक्षेप येतो: त्याने रिझोची जागा खाल्ली. १९९२ च्या ख्रिसमसच्या चित्रपटात गोंझो आणि रिझो ही जोडी कथा सांगते आणि ती जोडी अप्रतिम आहे. १९९९ च्या अंतराळावरच्या चित्रपटापासून रिझोशेजारी पेपे उभा राहू लागला आणि पुढे रिझो पातळ होत गेला. आक्षेपात तथ्य आहे. पण दोष पेपेचा नाही. दोन खोडकर छोट्यांना एकमेकांविरुद्ध उभं करून लिहायला हवं होतं, ते लेखकांनी फारसं केलं नाही.

८. २०११ चा चित्रपट मपेट्सचा होता की वॉल्टरचा?

दोघांचाही, आणि माझ्या मते ते बरोबर होतं. वॉल्टर हा आपल्यासारखाच चाहता. स्मॉलटाउनमध्ये माणूस असलेल्या भावाबरोबर वाढलेला, जुने भाग पुन्हा पुन्हा बघणारा. ओस पडलेलं नाट्यगृह पाहून तो कर्मिटला शोधतो आणि पांगलेल्या सगळ्यांना एकत्र आणायला लावतो. नवं पात्र जुन्यांना हटवत नाही, परत बोलावतं. याहून सभ्य प्रवेश कसा करणार? मपेट्सना गाण्यासाठी मिळालेलं एकमेव ऑस्करही याच चित्रपटातल्या, वॉल्टर आणि त्याच्या भावाच्या द्वंद्वगीताला आहे.

नकली बदलीवरही चित्रपटाने थेट बोट ठेवलं आहे. फॉझी अमेरिकेतल्या रीनो शहरात 'मूपेट्स' नावाच्या तोतया टोळीबरोबर कसंबसं पोट भरताना दिसतो. फॉझीला त्या अवस्थेत पाहून ज्याच्या पोटात तुटलं नाही तो चाहता मला भेटायचा आहे.

अडचण पुढची आहे. वॉल्टरला मपेट्समध्ये जायचं होतं. शेवटी शीळ वाजवण्यात त्याला आपली कला सापडते आणि तो आत येतो. मग पुढे त्याला काय हवं? प्रश्न ७ मधली कसोटी इथे लावा. २०१४ च्या चित्रपटात तो आहे, पण फारसं काही मागत नाही, आणि त्यानंतर विरळच दिसतो. शिवाय २०११ मध्ये वॉल्टरला वेळ देताना रिझो आणि पेपेच्या वाट्याला जेमतेम काही आलं. ही तक्रार रास्त आहे.

९. डेनीसवर सगळे एवढे का भडकले?

२०१५ च्या एबीसी या अमेरिकी वाहिनीवरच्या मालिकेआधी जाहीर केलं गेलं की कर्मिट आणि पिगी विभक्त झाले आहेत. पाठोपाठ कर्मिटची नवी मैत्रीण पुढे आली: डेनीस, वाहिनीच्या मार्केटिंग विभागात काम करणारी, तीही डुकरीणच. पात्र चालवणाऱ्या ज्युलियन ब्यूशर कसलेल्या कलाकार आहेत, त्यांच्याकडे बोट दाखवणं चूक आहे.

डेनीसची जन्मकथाच 'पिगीच्या जागी' एवढी होती. तिला स्वतःचं वेड नव्हतं, खोड नव्हती. पिगी खोलीत येते तेव्हा खोली बदलते. डेनीस आली की कर्मिटला पिगीपासून वेगळं ठेवण्याची सोय व्हायची, बस. मधल्या सुट्टीनंतर मालिकेचा सूर बदलला, हे नातंही मोडलं, आणि १६ भागांवर मालिका थांबली.

१०. 'सेसमी स्ट्रीट'मध्ये एल्मोने ग्रोव्हर आणि बिग बर्डला ढकललंच ना?

वेळेचा हिशेब मांडला तर हो. 'सेसमी स्ट्रीट' १९६९ मध्ये सुरू झाली, तेव्हा एल्मो नव्हता. तो बरीच वर्षं गर्दीतला एक लाल बाहुला होता. काही काळ रिचर्ड हंटकडे होता, पण त्यांना तो मुळीच आवडत नसे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर केव्हिन क्लॅशकडे आला आणि त्याला मिठीची, प्रेमाची ओढ मिळाली. १९९६ मध्ये गुदगुल्या केल्यावर हसणाऱ्या खेळण्याने अमेरिकेत दुकानांसमोर झुंबड उडाली. १९९८ पासून तासाभराच्या भागातली शेवटची सुमारे पंधरा मिनिटं 'एल्मोज वर्ल्ड'ला मिळाली. तास तेवढाच राहिला, तेव्हा ती मिनिटं कोणाकडून तरी आलीच. ग्रोव्हरला फटका बसला, हे मला आजही बोचतं.

पण कारणही समजून घ्या. बिग बर्ड सहा वर्षांचा कल्पिलेला आहे, एल्मो साडेतीन. कार्यक्रम बघणारी मुलं अधिकाधिक लहान होत गेली होती आणि त्यांना त्यांच्याच वयाचं कोणी हवं होतं. पिगीची जागा भरायला आलेल्या डेनीससारखं हे नाही. एल्मोमागे खरी गरज होती. रोझिटा, अ‍ॅबी, २०१७ मध्ये पडद्यावर आलेली स्वमग्न ज्युलिया यांच्याबद्दलही तेच म्हणेन: ज्या मुलांना तिथे स्वतःसारखं कोणी दिसत नव्हतं त्यांना ते दिसलं.

११. आपल्या 'गली गली सिम सिम'मध्ये बिग बर्डऐवजी नवेच का होते?

'सेसमी'च्या देशोदेशीच्या आवृत्त्या स्थानिक कलाकारांबरोबर होतात आणि प्रत्येक देशाला स्वतःची पात्रं मिळतात. २००६ मध्ये आपल्याकडे शाळेच्या गणवेशातली चमकी, सिंह बूम्बा, गुगली आणि आंछू आले. महाराष्ट्रातल्या मुलांनी ते हिंदीतूनच पाहिले. इथे कोणीही 'बदली' म्हणून ओरडलं नाही, कारण इथल्या मुलांच्या आठवणीत आधीचं कोणी नव्हतं. चमकीला कोणाची जागा भरायची नव्हती, त्यामुळे ती मोकळेपणी चमकी होऊ शकली.

१२. २०१७ नंतरचा कर्मिट 'खरा' मानायचा का?

मी मानतो. २०१६ मध्ये मपेट्सची मालक कंपनी डिस्नेने व्हिटमायरना दूर केलं आणि ते २०१७ मध्ये जगजाहीर झालं. कंपनीने त्यांच्या कामकाजातल्या वागणुकीचं कारण दिलं, हेन्सन कुटुंबीयांनी निर्णयाला पाठिंबा दिला. व्हिटमायरनी ते मान्य केलं नाही. कर्मिट आपला पुतण्या रॉबिनशी खोटं बोलेल असं लिहिणं पात्राला शोभत नाही, असे आक्षेप आपण घेत होतो, ही त्यांची बाजू. पात्राच्या स्वभावासाठी भांडणारा कलाकार असावाच, असं मला वाटतं. बाकी आतल्या गोष्टींचा न्याय बाहेरून करता येत नाही.

नंतर कर्मिट मॅट व्होगेलकडे आला. २०१४ च्या चित्रपटात कर्मिटसारखाच दिसणारा गुन्हेगार कॉन्स्टंटाइन त्याची जागा घेतो आणि अ‍ॅनिमल सोडला तर बराच वेळ कोणाला पत्ता लागत नाही. तो तोतयाही व्होगेलनेच केला होता. व्होगेलचा आवाज थोडा वेगळा आहे, हे कबूल. पण १९९० नंतर व्हिटमायरबद्दलही लोक हेच म्हणत होते, आणि त्याच्याच कर्मिटवर वाढलेले आज त्याच्यासाठी हळहळतात.

१३. मग कधीच जागा रिकामी ठेवू नये का?

कधी ठेवावी. 'सेसमी स्ट्रीट'वरचे दुकानदार मिस्टर हूपर साकारणारे विल ली डिसेंबर १९८२ मध्ये गेले. त्यांच्या जागी दुसरा नट घेतला नाही. १९८३ च्या भागात बिग बर्ड सगळ्यांसाठी काढलेली चित्रं वाटतो, मिस्टर हूपरचं चित्र उरतं, आणि मोठी माणसं त्याला सांगतात की ते आता परत येणार नाहीत. दुकान डेव्हिड चालवू लागतो. काम पुढे गेलं, माणूस मात्र कोणी बदलला नाही. पण हूपर माणूस होते. बाहुला म्हातारा होत नाही, म्हणून रॉल्फला हा न्याय लावू नये (प्रश्न ५).

१४. अर्धवटरावाचं उदाहरण इथे लागू पडतं का?

कलाकार बदलण्यापुरतं, नक्की. वाय. के. पाध्ये यांचा अर्धवटराव रामदास पाध्ये यांच्याकडे आला, पुढे सत्यजित पाध्येही त्याच वाटेवर आले. प्रेक्षकांनी अर्धवटराव तोच मानला, आणि आवडाबाई त्याच्या जागी नव्हे, त्याच्या शेजारी बसली. तंत्र मात्र वेगळं आहे. शब्दभ्रमकार बाहुल्याबरोबर समोर बसतो, त्यामुळे हात बदलला की तो सगळ्यांना दिसतो. मपेटचा कलाकार चौकटीखाली लपलेला असतो, म्हणून तिथे बदल आधी कानाला टोचतो.

१५. नव्यांऐवजी जुन्यातल्याच दुर्लक्षितांना पुढे आणलं तर?

२०२३ च्या 'द मपेट्स मेहेम'ने हेच केलं. डॉ. टीथ, फ्लॉइड, जॅनिस, झूट, अ‍ॅनिमल आणि लिप्स हा बँड केंद्रस्थानी आला. वर्षानुवर्षं मागे उभा राहून तुतारी वाजवणाऱ्या लिप्सला अखेर बोलायला मिळालं. मालिका एकाच पर्वात थांबली याचं मला फार वाईट वाटतं, कारण हा मार्ग उत्तम आहे. कपाटात अजून कितीतरी जण आहेत.

१६. घरातल्या मुलांना कुठून सुरू करून द्यावं?

१९९२ चा ख्रिसमसचा चित्रपट आधी, मग 'द मपेट शो'चे दुसऱ्या-तिसऱ्या पर्वातले भाग, मग २०११ चा चित्रपट. पहिलं पर्व नंतर दाखवा, तिथे पात्रं अजून घडत होती (प्रश्न ३). मुलांना पेपे किंवा वॉल्टर जास्त आवडला तर 'हे खरे मपेट्स नव्हेत' असं सांगू नका. त्यांना जो आवडेल त्याच्याबरोबर बसू द्या, आणि पुढच्या वेळी रॉल्फच्या पियानोचा एक भाग लावा.